झाकलेलं एकच डोकं

६ मार्च

तीर्थरूप दादांना,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

रविवारी सकाळी मी नेहमीसारखा देवापुढे बसलो आणि मग दुकान उघडून एक टोपी शिवली. मऊ सुती कापडाची, कानांच्या वर थांबणारी. शिवणी बाहेरच्या बाजूला घेतल्या. पंचवीस वर्षं हॅटा आणि टोप्या करतोय, पण शिवण बाहेर ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली. आत ठेवली असती तर टाक्यांना घासली असती. टोपी कुलूपकाकांसाठी होती.

तुम्ही इथून लेकीकडे राहायला गेलात त्याला सहा वर्षं झाली, पण काकांना विसरला नसाल. जन्मभर लोकांची कुलपं दुरुस्त केली आणि तीस वर्षं आपल्या फ्रीमेसन लॉजच्या दाराबाहेर हातात तलवार घेऊन पहारा केला. आत जाणारा कितीही मोठा असो, काका आधी त्याला पायापासून वर बघणार. काळा कोट, पांढरे हातमोजे, एप्रनची घडी, टायची गाठ. तुम्ही मास्टर असताना तपकिरी बूट घालून आलात म्हणून त्यांनी तुम्हालाही घरी पाठवलं होतं. तुम्ही चडफडत गेलात आणि काळे बूट घालून आलात.

जानेवारीत त्यांच्या डोक्यातली गाठ काढली. चौदा टाके पडले. अर्धं डोकं भादरलेलं, त्यावर अजून ओली जखम. वारा आणि धूळ लागू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी रविवारी ते आले, कारण तीस वर्षांच्या पहाऱ्याबद्दल लॉज त्यांना पदक देणार होतं. त्यासाठी दारावर दुसरा माणूस उभा करून काकांना आत बोलावलं.

पूर्वेच्या, प्रमुखाच्या खुर्चीत कंत्राटदार बसला होता. यंदाचा मास्टर तोच. त्याच्या डोक्यावरची उंच काळी हॅट माझ्याच हातची. लॉजच्या सभागृहात एकच डोकं झाकलेलं असतं, मास्टरचं, आणि देवाचं नाव निघालं की तेही उघडं होतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणजे ती हॅट अधिकार दाखवायला असते आणि अधिकार कोणापुढे संपतो तेही दाखवायला असते. मला लॉजमधलं सगळ्यांत काही आवडलं असेल तर ते हे.

काका तलवार हातात घेऊन मधोमध उभे राहिले. पदकाची डबी त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. कंत्राटदार म्हणाला, "बंधू, टोपी."

काकांना कळलं नाही. "काय साहेब?"

"सभागृहात टोपी चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"डॉक्टरांनी सांगितलंय हो..."

"लॉज डॉक्टर चालवत नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. तो फर्निचरवाला होता, मी आवाज ओळखला. टोपी काढली गेली. ती जखम, ते अर्धवट केस, सगळ्यांनी पाहिलं. चाळीस माणसं काळे कोट घालून खाली फरशीकडे बघत बसली, जणू फरशी आजच बसवली आहे.

मग प्रार्थना झाली. मी प्रार्थनेत डोळे उघडत नाही, त्या दिवशी उघडले. विश्वाच्या शिल्पकाराचं नाव तीन वेळा निघालं आणि तिन्ही वेळा कंत्राटदाराची हॅट जागच्या जागी. त्याच्या ध्यानातच नव्हतं! आजारी म्हाताऱ्याचं डोकं उघडं पाडायचं ध्यानात होतं, देवापुढे स्वतःचं उघडं करायचं नव्हतं.

दादा, याला पाच दिवस झाले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आलं तरी मला फोनवर रागावता येत नाही, म्हणून लिहितोय. तुम्ही माजी मास्टर. कंत्राटदार तुमच्या शाळेतला, तो तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. त्याला लिहा की त्याच सभागृहात, सगळ्यांसमोर, त्याने काकांची माफी मागावी. काका त्या दिवसापासून घराबाहेर पडलेले नाहीत.

तुमचा,
धाकटा


१४ मार्च

चिरंजीव धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. त्यात शाईपेक्षा वाफ जास्त होती. दुकानातल्या किटलीवर धरून लिहिलंस की काय?

प्रार्थनेत हॅट न काढणं ही गंभीर चूक आहे. ते त्याला खासगीत सांगितलं पाहिजे, आणि सांगेन. टोपीचं म्हणशील तर तिथे मी तुझ्या बाजूने नाही. मी मुख्याध्यापक असताना माझी स्वतःची मुलगी उशिरा आली तर तिलाही फाटकाबाहेर उभी केली होती. ती आज मला दोन वेळा गरम जेवू घालते, म्हणजे तिचं काही बिघडलं नाही. आज जखमेला सूट द्या, उद्या कोणी सर्दीला मागेल, परवा कोणी टकलाला. सगळेच डोकी झाकून बसले तर मास्टर कोणता ते काय वासावरून ओळखायचं? कुलूपकाका स्वतः नियमाचा माणूस. त्याला हे तुझ्यापेक्षा लवकर कळेल. आणि कंत्राटदाराने कोणा जाणत्याला विचारल्याशिवाय हे केलं नसणार, एवढं मला त्याच्याबद्दल माहीत आहे.

आता महत्त्वाचं. ३ मेला पुढच्या मास्टरची निवड. वरिष्ठ वॉर्डन तू, म्हणजे ओळीने तुझंच नाव येणार. गावच्या शाळेत गोणपाटावर बसून बाराखडी गिरवलेला आपल्या घरातला मुलगा त्या खुर्चीत बसणार आहे. तुझी आई, माझी मामी, गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी शब्द दिला होता की तुझ्या मुलाला माणसांत आणीन. तिथवर आणलंय. आता काठावर येऊन बुडू नकोस. ३ मेपर्यंत तोंडाला कुलूप. हवं तर काकांकडूनच घे, त्याच्याकडे पडलेली असतील.

जखम कशी आहे ते कळव.

दादा


२२ मार्च

दादा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, पण आईने लावलेली सवय आहे. नमस्कार.

जखम कशी आहे विचारलंत. सांगतो. पत्र आल्यावर मी काकांकडे गेलो. जिन्याच्या वर दोन खोल्या, खिडकीत टेबल, टेबलावर उघडून ठेवलेली कुलपं. काका एका कुलपात तेल सोडत बसले होते. तलवार जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी ठेवलेली.

काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात. ही तेवढी घेऊन जा. भाजी चिरायला फार लांब आहे."

"राहू दे गं," काका म्हणाले.

"राहू दे म्हणे! तीस वर्षं रविवारी घरात बिनकामाचा नवरा नव्हता. आता बघा, माझ्या घराचीसुद्धा कुलपं काढून ठेवलीत. रात्री दाराला खुर्ची लावून झोपते मी."

मी काकांना सांगितलं की कंत्राटदाराला माफी मागायला लावतो. त्यांनी मान वर केली नाही. "माफी काय उशाशी घेऊन झोपू? मला माझं दार पाहिजे. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्याआधी पुन्हा एकदा कापावं लागेल. त्यातून उठेन न उठेन. तोवर जेवढे रविवार आहेत तेवढे दारावर उभा राहतो. बास."

"मग या ना."

"सचिव येऊन गेले. मास्टरांचा निरोप घेऊन. दारावरही टोपी नको म्हणे. बोडक्या डोक्याने उभं राहायचं असेल तर या."

तिथून मी तडक कंत्राटदाराच्या ऑफिसात गेलो. टेबलावर फरशांचे नमुने, तो एकेक उचलून उजेडात धरत होता. "या टोपीवाले, बसा. यातली कोणती बरी वाटते?"

मी म्हटलं, "कुलूपकाकांना टोपी घालून दारावर उभं राहू द्या."

"नियम..."

"नियम मला सांगू नका. तुम्ही प्रार्थनेत हॅट काढली नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी पाहिलं."

फरशी खाली ठेवून तो हसला. "म्हणजे प्रार्थनेत तुमचे डोळे उघडे होते."

मग त्याने खण उघडला आणि एक पत्र माझ्यापुढे टाकलं. "मी माझ्या मनाने काही केलं नाही. वाचा."

वाचायची गरज नव्हती. ते 'ख' काढायची तऱ्हा मला सातवीपासून ठाऊक आहे, वहीवर छड्या खाऊन गिरवलीय मी. 'सभागृहात मास्टरखेरीज कोणाचंही डोकं झाकलेलं खपवून घेऊ नका. कारण काहीही सांगोत. आज टोपी, उद्या चपला. अपवाद करायचाच असेल तर आधी खुर्ची सोडा.' खाली तुमची सही. तारीख २० फेब्रुवारी.

आणि मला तुम्ही लिहिता, 'कोणा जाणत्याला विचारल्याशिवाय हे केलं नसणार!' त्याने तुम्हालाच विचारलं होतं! हे ठाऊक असताना मला शहाणपण शिकवलंत. मुलीची गोष्ट सांगितलीत. टकलाचे विनोद केलेत. मी इथे तुमच्या नावाचा धाक घालायला निघालो होतो आणि तो माणूस तुमचंच पत्र खणात ठेवून माझी वाट बघत बसला होता. त्याच्यापुढे माझं काय झालं असेल याचा विचार करा. नाहीतर करू नका. काकांचा करा.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

अक्षर माझंच. आडपडदा कशाला? होता तो फाटला.

कंत्राटदाराने विचारलं होतं की 'एक सभासद टोपी घालून येणार म्हणतो, परंपरा काय सांगते?' नाव नाही, दुखणं नाही. मला वाटलं, कोणी नवा हौशी गडी असेल, थंडीचं निमित्त करून मिरवणार असेल. मी खरमरीत लिहिलं. अशी पत्रं लिहायला मला आवडतं, हे तुला माहीत आहे. आता मला कोणी काही विचारत नाही, मग एखाद्याने विचारलं की मी अंगात येतो. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच पायाखालची जमीन सरकली. तेव्हाच सांगायला हवं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'चुकलो' हा शब्द लिहायला जड जातो. आज लिहितोय. चुकलो.

कंत्राटदाराला दोन पत्रं पाठवली आहेत. एकात प्रार्थनेतल्या हॅटचं. दुसऱ्यात हे, की पहारेकऱ्याची जागा दाराच्या बाहेर. बोडक्या डोक्याचा नियम उंबऱ्याच्या आत. बाहेर उभा राहणारा ऊनवारा खातो, त्याने डोक्यावर काय घालावं हे कुठल्याही परंपरेने ठरवलेलं नाही. काकाला दारावर टोपी घालू द्यायला नियम मोडावाच लागत नाही.

माझं उत्तर झालं. आता तुझं दे.

तुझ्या पहिल्या पत्रात कोण बोललं, कोण हसलं, कोण खाली बघत होतं, सगळं आहे. फर्निचरवाल्याचं हसूसुद्धा तू टिपलंस. पण मीही त्या सभागृहात बारा वर्षं काढली आहेत. मास्टर खुर्ची सोडून खाली उतरत नाही आणि कोणाच्या अंगाला हात लावत नाही. त्याचा हुकूम अमलात आणायला वरिष्ठ वॉर्डन असतो. काकाच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात पदकाची डबी. त्याने स्वतः टोपी काढली असेल कशी?

त्या रविवारी वरिष्ठ वॉर्डन कोण होता रे?

दादा


६ एप्रिल

दादा,

मी होतो.

कंत्राटदाराने काकांकडे नाही, माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठलो. माझ्या खुर्चीपासून काकांपर्यंत अकरा पावलं आहेत. उठताना मी ठरवलं होतं की बोलायचं. 'मास्टर, यांना सूट द्या,' एवढंच म्हणायचं. पाच शब्दसुद्धा नाहीत. पाऊल कसं टाकायचं, कोपऱ्यावर काटकोनात कसं वळायचं, हे सगळं पाठ असल्यामुळे पाय आपोआप चालत होते, आणि चालता चालता शब्द गळून गेले.

काकांनी मला येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मी कानात काही सांगणार असं वाटून त्यांनी डोकं माझ्याकडे झुकवलं. मी टोपी काढली. अलगद निघाली. अलगद निघावी अशीच शिवली होती.

नंतर बाहेर मी ती त्यांना परत दिली. माझ्या पांढऱ्या मोज्यांवर मलमाचा पिवळा डाग पडला होता. काकांचं लक्ष आधी तिकडे गेलं. "अरे, मोजे खराब झाले तुझे," म्हणाले.

हे मी तुम्हाला लिहिलं नाही. बायकोला सांगितलं नाही. देवापुढे बसतो तेव्हा कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडतो, म्हणजे मला या गोष्टीपर्यंत पोचावं लागत नाही. तुमच्यावर चिडलो ते खरं होतं. पण तुम्ही निदान न बघता लिहिलंत. मी तर त्या जखमेवर श्वास लागेल इतका जवळ उभा होतो.

धाकटा


१५ एप्रिल

चिरंजीव धाकट्या,

तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

मी तुला शिकवलं तसं तू वागलास. आधी हुकूम, मग विचार. शाळेत मी सगळ्यांना तेच शिकवलं. म्हणून यातलं निम्मं माझ्या अंगावर घेतो. नको म्हणू नकोस.

कंत्राटदाराचं उत्तर आलं. 'दाराबाहेरची पायरीही लॉजचीच.' आणि वर, 'आपल्या प्रकृतीला जपावे.' म्हणजे म्हाताऱ्या, गप्प बस. ज्याला मी नापास होता होता वर काढला तो मला हे लिहितो.

पण डोकं शांत ठेवून ऐक. ३ मेला निवड, जूनच्या पहिल्या रविवारी तू खुर्चीत. त्या दिवशी हॅट तुझ्या डोक्यावर आणि शब्द तुझा. पहिला हुकूम हाच दे की कुलूपकाका टोपीसकट दारावर. हवं तर खुर्चीतून माफी माग, मी प्रवास करून येईन ऐकायला. कंत्राटदाराला टाळ्या वाजवाव्या लागतील. पावणेदोन महिने, फक्त पावणेदोन महिने राग गिळ. ३ मेला नाव पुकारलं की ऊठ, छातीवर हात ठेव, 'मान्य' म्हण आणि खाली बस. यापलीकडे एक अक्षर नको.

दादा


९ मे

तीर्थरूप दादांना,
साष्टांग नमस्कार.

तुमचा सल्ला मी टाकून दिला असं समजू नका. दोन आठवडे तो मनात धरून बसलो होतो. स्वतःच्या मापाची हॅटसुद्धा साच्यावर चढवली. काळी लोकरी फेल्ट, वाफ दिली, काठ वळवला. आणि रोज सकाळी देवापुढे बसलो की शब्द सुचेनात. नुसता बसायचो, उठायचो.

काकूंनी २ तारखेला निरोप पाठवला की डॉक्टरांनी दिवस दिलाय, २० मे. जूनचा पहिला रविवार त्याच्या नंतर येतो. पण खरं सांगू? तारीख आली नसती तरी मी थांबू शकलो नसतो. खुर्चीत बसून, डोक्यावर हॅट घालून, मी काकांची माफी मागणार, म्हणजे ती मी त्यांना बक्षीस दिल्यासारखी देणार. लोक म्हणणार, काय मोठ्या मनाचा मास्टर! ज्याने टोपी काढली त्याचंच पुन्हा कौतुक.

३ तारखेला सभा नेहमीप्रमाणे दहाला सुरू झाली. सचिवांनी माझं नाव पुकारलं. मी उठलो. छातीवर हात ठेवला नाही.

"मार्चच्या सभेत कुलूपकाकांच्या डोक्यावरची टोपी मी काढली," मी म्हटलं. "हुकूम मास्टरांचा होता, हात माझे होते."

कंत्राटदाराने हातोडी आपटली. "बंधू, फक्त मान्य की अमान्य एवढंच बोला."

"त्या जखमेला झाकायला ती टोपी मीच शिवून दिली होती. मी ती काढली, आणि पाच मिनिटांनी प्रार्थनेत मास्टरांनी स्वतःची हॅट काढली नाही. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं?"

"बसा खाली!"

"बसतो. आधी हात वर करा, कोणी पाहिलं?"

कोणी हात वर केला नाही. औषधवाल्याने अर्धा उचलला आणि मग कान खाजवला. फर्निचरवाला म्हणाला, "टोपीवाल्याच्या डोक्यात आत्ताच हवा गेली. अजून हॅट चढायची आहे." हशा पिकला. मला बरं वाटलं, खरंच. त्या हसण्याने माझे पाय मोकळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सभागृहात मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, तुम्ही मुख्याध्यापक होतात. वॉर्डनचा निळा पट्टा गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि मधून, काटकोनात न वळता, सरळ तिरका चालत दाराबाहेर पडलो. दारावरचा बदली माणूस लॉजची दुसरी तलवार सावरत बाजूला झाला.

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की कोट, एप्रन, पांढरे मोजे, सगळं अंगावर आहे आणि डोकं बोडकं. माझी हॅट आत खुंटीवर राहिली होती. एप्रन घालून लॉजच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. परत जाणं शक्य नव्हतं. साडेअकराचं ऊन. बसच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अहो, सर्कस कुठे उतरलीय?" पुढे एक गिऱ्हाईक भेटलं. "टोपीवाले, तुमची टोपी?" मी थांबलो नाही. रागाने चालत होतो, आणि तो कोणावरचा आहे हे आता मला नीट माहीत होतं.

जिना चढलो. काकांनी दार उघडलं. डोक्याला टोपी होती. त्यांनी मला पायापासून वर बघितलं, तीस वर्षांच्या सवयीने.

"एप्रन घालून रस्त्यात? कोणी सोडलं तुला असं बाहेर? काढ आधी."

"काका, मी..."

"आधी काढ."

मी एप्रन काढलं, घडी घातली. मोजे काढले. मग तिथेच, जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्यांची माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही. शब्द साधे होते.

काका म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं, तू माझ्या बाजूने बोलायला येतोयस."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मग?"

"तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत मी वॉर्डन झालो होतो."

आतून काकू म्हणाल्या, "उंबऱ्यावर काय सभा भरवलीय? एक तर आत या नाहीतर खाली जा. चहा एकदाच टाकणार आहे."

काका बाजूला झाले नाहीत. "मला तुझा राग आलाय," ते म्हणाले. "कंत्राटदाराचा नाही एवढा तुझा. जायला वेळ लागेल. तेवढा मला मिळतो की नाही, ठाऊक नाही."

"नाही गेला तरी चालेल."

"चालेल काय? घाण्यासारखा फिरतोय डोक्यात." मग ते वळले. "ये. खुर्चीवर कुलपं आहेत, ती खाली ठेव आणि बस."

चहा झाला. त्यांनी माझ्याशी फार बोलणं केलं नाही. निघताना काकूंनी तलवार माझ्या हातात दिली. या खेपेला काका राहू दे म्हणाले नाहीत. दार त्यांना परत मिळणार नाही, हे आम्हा तिघांना कळलेलं होतं. ती मी सचिवांच्या घरी पोचवली.

निवडीचं काय झालं ते तुम्हाला दुसरीकडून कळलंच असेल. मी बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत त्यांनी फर्निचरवाल्याचं नाव मंजूर केलं. जूनमध्ये हॅट त्याच्या डोक्यावर. माप द्यायला तो दुकानात आला होता. मी त्याला दुसऱ्या गल्लीतल्या टोपीवाल्याचा पत्ता लिहून दिला.

तुम्हाला वाईट वाटेल. आईला दिलेला शब्द तुमच्या मनात येईल. माणसांत आणीन, असं तुम्ही म्हणाला होतात. दादा, मला वाटतं, तो शब्द मोडलेला नाही. पण यावर आपलं जमणार नाही कदाचित, आणि नाही जमलं तर तुम्ही मला तसं लिहा, खरमरीत. मी पुन्हा उत्तर देईन.

२० तारखेला मी दिवसभर हॉस्पिटलात असेन. काकूंनी विचारलं नाही, मीच सांगितलं. काकांना आवडलंय असं दिसलं नाही. तुम्ही सकाळी देवापुढे बसाल तेव्हा त्यांच्यासाठी दोन शब्द बोला. माझेही परवापासून सुचायला लागलेत.

४ तारखेला सकाळी लॉजच्या सचिवांना रजिस्टर्ड पत्र टाकलं होतं. दोन ओळींचं. वॉर्डनपद सोडलं आणि सभासदत्वही सोडलं. आज पोस्टमनने पोच आणून दिली. त्यावर सचिवांची सही आहे.

तुमचा,
धाकटा